एकमताने जाहीर पाठिंबा

डावीकडे अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे उमेदवाराचा, मधे समाजाचं आराध्यदैवत. खाली मजकूर : 'समाजाच्या बैठकीत एकमताने ठराव होऊन आपणांस जाहीर पाठिंबा देण्यात येत आहे. तरी सर्व समाजबांधवांनी प्रचंड बहुमताने विजयी करावे.' मग सही आणि गोल शिक्का. बैठक कधी झाली, कुठे झाली, किती जण होते, याचा पत्ता नाही. 'एकमताने' मात्र ठळक टायपात.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांची निवडणूक झाली तेव्हा अशी पत्रं रोज मोबाइलवर येऊन पडत होती. ज्ञातिसंस्था, रिक्षा स्टँड, गणेश मंडळं, सोसायट्यांचे महासंघ, पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेश-मराठवाड्याकडच्यांची मित्रमंडळं, मुंबईत कोकणातल्या गावांची. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, पण इतर शहरांत बहुतेक ठिकाणी प्रभाग चार जणांचा. म्हणजे मतदाराच्या हातात अ, ब, क, ड अशी चार मतं. खरी गंमत इथेच होते. पाठिंब्याचं पत्र अख्ख्या पॅनेलला असतं, पण 'ब' मध्ये आपल्यातलाच कुणीतरी समोरच्या पक्षाकडून उभा असतो. मग तोंडी निरोप फिरतो : तीन मतं यांना, 'ब' मध्ये आपला माणूस. पत्र स्टेटसवर मिरवतं आणि बटणं निरोपाप्रमाणे दाबली जातात. उमेदवारालाही हे ठाऊक असतं. तरी तो हार-उपरणं घेऊन जातोच, कारण पत्र आपल्याला मिळालं नाही तर ते समोरच्याला मिळेल, ही धास्ती.

गट करून मागण्यात मला वावगं काही वाटत नाही. पाण्याच्या लाइनसाठी एकट्यादुकट्याने वॉर्ड ऑफिसचे उंबरठे झिजवले तर कुणी विचारत नाही. दोनशे घरं एकत्र गेली की साहेब खुर्चीतून उठतात. परगावाहून आलेल्या माणसाला लग्नकार्यासाठी परवडणारा हॉल हवा असतो, तेव्हा समाजमंदिर मागणं ही काही चैन नव्हे. माझं भांडण आहे ते पत्रात ही मागणी कुठेच नसते याच्याशी. ती आतल्या खोलीत होते, चार-पाच जणांत. बाहेर येतो तो नुसता पाठिंबा. पुढे पेव्हर ब्लॉक पडले तर अध्यक्षांनी आणले, नाही पडले तर उमेदवाराने शब्द फिरवला. ज्यांच्या नावावर व्यवहार झाला त्यांना शब्द काय दिला होता हेच माहीत नसतं.

कायदा या पत्रांच्या आसपास फिरतो, आत शिरत नाही. १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला : उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग. विरोधी मत देणाऱ्या तिघांचं म्हणणं होतं की वंचित समाजाने आपली गाऱ्हाणी निवडणुकीत मांडायचीच नाहीत का? मला हा प्रश्न आजही रास्त वाटतो. पण उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने असं आवाहन केलं तरच ते भ्रष्ट मार्गाच्या कलमात बसतं, आणि संमती सिद्ध करणं महाकर्मकठीण. म्हणून पत्र काढणार संस्था, उमेदवार फक्त 'आभार' मानणार.

या पत्रांना किंमत येते ती मोजणीमुळे. मतदान गुप्त असतं, पण मतमोजणी बूथनिहाय होते. एका बूथवर साधारण हजारभर मतदार. कोणत्या गल्लीने हात दिला आणि कोणत्या सोसायटीने दगा, हे निकालानंतर तासाभरात कळतं. यंत्रांची मतं एकत्र करून मोजणाऱ्या टोटलायझरची शिफारस निवडणूक आयोगाने २००८ मध्येच केली होती. केंद्र सरकारने ती मानली नाही. तेव्हा 'आमच्या भागात एवढी मतं काढून देतो' हे बोलणं नुसती बढाई राहत नाही. ते तपासता येतं, आणि त्याचा हिशेबही चुकता करता येतो. ज्या गल्लीने दुसऱ्याला मत दिलं तिथला दिवा पाच वर्षं लागत नाही, ही तक्रार कुठल्याही शहरात ऐकू येईल.

आणि समाज म्हणजे गठ्ठा, हे गृहीतक तरी किती खरं? विधानसभेच्या वेळी, ४ नोव्हेंबर २०२४ ला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी उमेदवार न देण्याचं जाहीर केलं. एका जातीच्या बळावर निवडणूक जिंकता येत नाही, असं कारण त्यांनी दिलं. ज्यांच्या हाकेला लाखो माणसं जमली त्यांचा हिशेब हा. मग चाळीस सभासदांच्या मंडळाने 'समस्त समाजाच्या वतीने' लिहावं?

तुमच्या मंडळाचं पत्र पुढच्या वेळी निघेल तेव्हा तीनच गोष्टी मागा : बैठकीची तारीख, हजर असलेल्यांचा आकडा आणि उमेदवाराकडे केलेली मागणी, पत्रातच, लेखी. विधानसभेची निवडणूक असेल तर निकालानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर 'फॉर्म २०' येतो, त्यात बूथनिहाय मतं असतात. तो उघडा आणि तुमच्या बूथवर 'एकमताने' किती मतं पडली ती अध्यक्षांना वाचून दाखवा.