पुढे केलेला हात

पावसाळा लागला की महाविद्यालयांच्या फाटकाशी गोंधळलेले चेहरे दिसू लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलाला 'बोनाफाईड' कुठे मिळते, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, हे कोणी सांगायचे? सूचनाफलकाने? तो तर बहुधा इंग्रजीत असतो!

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियमावली आणली, २०१९ मध्ये नवागतांसाठी 'दीक्षारंभ'ही सुचवला. हे योग्यच झाले. पण कायदा उगारलेला हात रोखतो; पुढे केलेला हात निर्माण करू शकत नाही. आणि भाषणे व चहा-बिस्किटांवर भागवलेल्या दीक्षारंभातूनही तो मिळत नाही.

ही उणीव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा स्वयंसेवक विद्यार्थीच भरून काढू शकतो. कारण कालपरवा तोही इथेच हरवला होता. मात्र या कामाला हजेरीचे वा गुणांचे आमिष दाखवू नये. प्रमाणपत्रासाठी आलेला पहिल्या दिवशी बिल्ला लावून मिरवेल. तिसऱ्या आठवड्यात, नवा मुलगा वळकटी बांधून गावी परतायच्या विचारात असेल, तेव्हा तो तिथे नसेल. खरी गरज तर त्याच दिवशी असते.