खणाच्या बटव्यातले लिरा

तुर्कस्तानात जेवण झाल्यावर बिल मागायचं तर ‘हेसाप’ एवढा एकच शब्द पुरतो. कार्समधल्या खानावळीत तो पहिल्यांदा कानावर पडला आणि आमची नाशिकवाली एकदम ताठ बसली. “अगं, हिशेब म्हणतायत हे!” प्रवासभर आमचा हिशेब तिच्याकडेच होता. त्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी बिल तिनेच मागायचं असं ठरून गेलं.

आम्ही चौघी पुण्याच्या हॉस्टेलवर एका मजल्यावर राहिलेल्या. आता एक न्यू जर्सीत, एक दुबईत, एक नाशिकला आणि मी पुण्यातच. एकत्र लांबचा प्रवास करायचा हे इतकी वर्षं बोलत होतो, तो यंदा झाला. येरेवानला भेटलो. तिथून कार्स नकाशावर वीतभरही नाही, पण ती सीमा १९९३ पासून बंद, म्हणून जॉर्जियातून वळसा घेतला. मग कार्स, अंकारा, कोन्या आणि सव्वीस दिवसांनी इस्तंबूल. सगळ्यांनी सारखे पैसे काढून खणाच्या एका बटव्यात ठेवायचे, खर्च त्यातूनच करायचा आणि रोज रात्री शंभर पानी वहीत लिहायचा, हा नियम नाशिकवालीचा.

शेवट इस्तंबूलला करण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. तिथून न्यू जर्सी, दुबई, मुंबई, सगळीकडे थेट विमानं आहेत. नाशिकवालीला मुलीकडे म्युनिकला जायचं होतं, तेही तिथूनच. हातात पुरे दोन दिवस होते आणि काय काय पाहायचं याची यादी तयार होती. पहिल्या सकाळी आयासोफियासमोरच्या रांगेत उभ्या राहिलो. सन ५३७ मध्ये बांधून झालेली ती वास्तू आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, मग संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. मी हे सगळं वाचून दाखवत होते, तेवढ्यात दुबईवाली म्हणाली, “मला आज काही बघायचं नाहीये गं. तुमच्याबरोबर नुसतं बसायचंय.”

कुणीच वाद घातला नाही. मान वर करून घुमट पाहिला आणि रांगेतून बाहेर पडलो. मला आजही वाटतं की त्या दोन दिवसांत आम्ही घेतलेला हाच निर्णय सर्वांत बरोबर होता. गावात पाहुणी म्हणून राहिलं की निरोपाचंही दडपण येतं. यजमानांचं मन सांभाळावं लागतं. इस्तंबूल केवढं अफाट! तिथे चार बायका एका बाकावर दोन तास बसल्या तरी कुणी वळून पाहत नाही. मनासारखं एकमेकींजवळ बसायला इतकं मोठं शहरच हवं होतं.

यादीतलं एकच ठिकाण आम्ही केलं, कारण न्यू जर्सीवालीने त्यामागची कादंबरी वाचलेली होती. चुकुरजुमाच्या उतारावर एक लाल घर आहे. ओरहान पामुक यांनी आपल्या ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ या कादंबरीवरून २०१२ मध्ये तिथे खरोखरीचं संग्रहालय उभं केलं. नायकाने प्रेयसीच्या हातातल्या, घरातल्या जपून ठेवलेल्या वस्तू तिथे कपाटांत मांडल्या आहेत. आत शिरल्याबरोबर समोर अख्ख्या भिंतीवर तिने ओढलेल्या सिगारेटींची थोटकं टाचलेली दिसतात. ४,२१३ थोटकं! एकेक टाचणीने लावलेलं आणि खाली बारीक अक्षरात टिपण. कुठलं थोटूक वाकलेलं, कुठल्याला लिपस्टिकचा डाग. नाशिकवाली त्या भिंतीपासून हलेनाच. मग हळूच म्हणाली, “हाही हिशेबच की गं.”

दुपारी एमिनोनूच्या धक्क्यावर आलो. बटव्यात उरलेल्या लिरांपैकी बरेचसे तिथल्या यंत्रात घालून इस्तंबूलकार्ट भरलं. एकाच कार्डावर चौघी जाऊ शकतात, चार वेळा टेकवायचं. पलीकडे कादिकॉय वीस-पंचवीस मिनिटांवर. युरोपात चढायचं आणि आशियात उतरायचं. आमचं गेस्टहाऊस कादिकॉयलाच होतं, पण उतरून पुन्हा परतीच्या बोटीत बसलो. मग पुन्हा एकदा. लाकडी बाकावर खेटून बसायचं, सिमित पावाचे तुकडे हवेत फेकायचे. सीगल ते वरच्या वर झेलतात, एकही पाण्यात पडू देत नाहीत. डावीकडे हैदरपाशा स्टेशनची जुनी इमारत येते, पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या. ती दिसली की न्यू जर्सीवाली बोलता बोलता थांबायची. कार्सहून आलो त्या आगगाडीची आठवण येत असणार.

संध्याकाळी मोदाच्या समुद्रकाठच्या चहाबागेत वही उघडली. कमरेत बारीक असलेले काचेचे पेले, बिनदुधाचा लालभडक चहा, बशीत साखरेचे दोन खडे. चांगल्या चहाच्या रंगाला तिथे सशाच्या रक्ताची उपमा देतात. नाशिकवाली एकेक पान वाचत गेली. कार्सहून अंकाऱ्याला येणारी दोऊ एक्स्प्रेस म्हणजे दिवसाहून जास्तीचा प्रवास. त्या पानावर लिहिलं होतं, ‘पिलाव, १ प्लेट’. बाकी काही नाही. त्या रात्री दुबईवालीला सणकून ताप भरला होता. नाशिकवालीने गाडीच्या खानपान डब्यातून पिलाव आणला, त्यावर पिशवीतलं मेटकूट घालून तिला चार घास भरवले आणि पहाटेपर्यंत कपाळावर ओल्या पट्ट्या बदलल्या. त्याआधी दुपारी एर्झुरूम मागे पडलं, खिडकीशी फरात नदी आली, तेव्हा न्यू जर्सीवाली नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांबद्दल पहिल्यांदा बोलली होती. तो गेल्याला तीन वर्षं झाली होती. फोनवर तिने आम्हाला कधी त्या विषयाजवळ येऊ दिलं नव्हतं. तिचं बोलून झालं तेव्हा कितीतरी स्टेशनं मागे गेली होती. वहीत याची ओळ नव्हती. नाशिकवालीने पेन काढलं, ‘पिलाव’ पुढे काहीतरी लिहायला घेतलं आणि तसंच मिटलं.

बटव्यात उरलेले लिरा चौघींत वाटायचे होते. कुणीच घेईना. शेवटी तेही सगळे कार्डात भरले. त्यात किती उरले ते कुणी पाहिलं नाही.

गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना आम्ही ‘तेयझे’ म्हणायचो, म्हणजे मावशी. आपल्या ‘मुसाफिर’शी जुळणारा ‘मिसाफिर’ हा शब्द त्यांच्याकडे पाहुण्यासाठी वापरतात, हे त्यांनीच सांगितलं. पहाटे न्यू जर्सीवालीची टॅक्सी आली तेव्हा त्या स्टीलचा जग घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी हलल्याबरोबर त्यांनी मागे रस्त्यावर पाणी ओतलं. निघणाऱ्याने पाण्यासारखं सहज जावं आणि पाण्यासारखंच परत यावं. आम्ही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, हे मी फोनवरून भाषांतर करून त्यांना दाखवलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

अकराला दुबईवाली गेली, पुन्हा जग. दुपारी नाशिकवाली. वही तिने माझ्याकडे दिली, बटवा स्वतःकडे ठेवला आणि म्हणाली, “येते गं.” मग तीन तास मी त्या खोलीत एकटी होते. चार पलंग, एकावर माझी बॅग.

संध्याकाळी माझी टॅक्सी आली. तेयझे म्हणाल्या, “गुले गुले.” हसत हसत जा. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून पाहिलं. दगडी फरशीवर ओल पसरत होती आणि कोपऱ्यावरची करडी मांजर त्या पाण्याला तोंड लावत होती.