आठ बेटांचा देश

फराळाचे ताट पुढे आले की शेजारी नकाशाही उघडावा, असा आमचा वाचकांना दरसालचा आग्रह. यंदा बोट ठेवायचे ते प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर. नकाशा लहान असेल तर तिथे ठिपकाही दिसायचा नाही. पण तो एक स्वतंत्र देश आहे. नाव तुवालू.

बेटे नऊ, जमीन सारी मिळून २६ चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजारांची. इंग्रजी अमलात यांना एलिस बेटे म्हणत. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला. तुवालू म्हणजे ‘एकत्र उभी असलेली आठ’. नवव्या चिमुकल्या बेटावर पूर्वी कायमची वस्ती नव्हती, म्हणून ते हिशेबात आले नाही.

ही बेटे प्रवाळाची. नदी एकही नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायचे आणि तेच प्यायचे. जेवणात मासे, नारळ आणि खड्डा खणून लावलेला अळूच्या जातीचा कंद. राजधानी फुनाफुटी. तिथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधली. विमान क्वचित येते. एरवी संध्याकाळी मुले तिथेच खेळतात, कारण दुसरे मैदान आणायचे कोठून?

देशातली सर्वांत उंच जागाही पाच मीटर भरत नाही. मोठ्या भरतीला समुद्र किनाऱ्यावरून तर येतोच, शिवाय सच्छिद्र प्रवाळातून जमिनीखालूनही वर येतो आणि कंदाचे खड्डे खारट करतो. कोळशा-तेलाच्या धुराने हवा तापते, समुद्र चढतो. त्या धुरात तुवालूचा वाटा नगण्य.

यात परळकरांना नवल वाटायला नको. परळ हेही मुंबईच्या सात बेटांपैकी एक. वरळीची खिंड बंद करणारा गव्हर्नर हॉर्नबी इथल्याच बंगल्यात राही. पुढे १८९९ साली त्याच वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. मधली खाजणे भरून सात बेटांचे एक शहर झाले, तरी पावसाळ्यात भरतीची वेळ आली की नाल्यांचे पाणी समुद्र घेत नाही आणि खोलगट हिंदमाता तुंबते. पाणी साठवायला महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. आपल्यापाशी पंप आहेत, टाक्या आहेत, मागे सरकायला जमीन आहे. तुवालूला मागे सरकावे तर मागेही समुद्रच!

२०२३ साली ऑस्ट्रेलियाने तुवालूशी करार केला : वर्षाला २८० जणांना तिथे कायम राहता येईल. २०२५ साली पहिली सोडत निघाली, तेव्हा देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी, बायकामुले धरून, नावे घातली. सोडतीत घर लागण्याची वाट पाहणे काय असते, हे गिरणगावाला सांगायला नको.

पोटासाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही. कोकणातून बोटीने उतरलेल्या माणसांनीच परळ-लालबागच्या गिरण्या चालवल्या. पण गणपतीला, शिमग्याला परत जायला त्यांना गाव होते. तुवालूचा माणूस आज ऑस्ट्रेलियाला निघतो, तेव्हा त्याला नातवंडांना कोणते गाव दाखवावे, याचीच चिंता आहे.