आगाऊ हप्ता म्हणजे साहाय्य नव्हे

सन २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या सांथीमुळें देश बंद झाला, तेव्हां तासगांव व मिरज भागांतील पुष्कळ द्राक्षें वेलीवरच होतीं. ज्यांस साधलें त्यांनीं चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करून माल वांचविला. महाबळेश्वर-पांचगणीस प्रवासीच येईनात. स्ट्रॉबेरीचें गिऱ्हाईक गेलें. अशा प्रसंगीं सरकारनें शेतकऱ्यांस काय दिलें, याचा हिशेब शांतपणें मांडण्यास आतां हरकत नसावी.

ता. २६ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें गरीब कल्याण योजना जाहीर केली. तींत सुमारें ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत एप्रिलच्या आरंभीं प्रत्येकीं २००० रुपये भरण्याचें वचन होतें, व पैसे भरण्यास लागलींच आरंभही झाला. हें श्रेय देण्यांत आम्ही कुचराई करीत नाहीं. मधल्या कोणाचा हात न लागतां पैसा खात्यांत पडणें ही गोष्ट तगाईच्या दिवसांत स्वप्नांतही नव्हती. परंतु हे रुपये आले कोठून? किसान सन्मान निधीच्या २०१९ सालच्या योजनेनें वर्षाचे ६००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळावयाचेच होते. त्यांतला एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलांतच दिला, एवढेंच. ६००० चे ६००१ झाले नाहींत! आमच्या पेठेंतील व्यापारी दिवाणजीस पगार चार दिवस आधीं देतो, तेव्हां ती रक्कम धर्मादाय खातीं मांडीत नाहीं. सरकारच्या वहींत मात्र ती साहाय्याच्या सदरीं पडली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ज्याच्या नांवें जमीन होती, त्याच्या कुटुंबास हा पैसा मिळतो. जमीन कसतो कोण, हें कोणी विचारीत नाहीं. वांट्यानें वा खंडानें कसणाऱ्याचें नांव सातबाऱ्यावर सहसा येत नाहीं, आणि याचें कारण कायद्यांतच आहे. १९४८ च्या कूळकायद्यानें कसणाऱ्यास मालकीची वाट मोकळी केली. कायदा न्यायाचा होता. पण त्याच्या धास्तीनें मालक आज कागदच होऊं देत नाहीं, सारा करार तोंडी. जिचा नवरा मुंबईस माथाडी किंवा परप्रांतीं गलाईच्या धंद्यांत आहे, ती शेत पिकविते. उतारा सासऱ्याच्या नांवें. तिचें जनधन खातें असल्यास तीन महिन्यांचे मिळून १५०० रुपये, बस्स. उलट प्राप्तिकर भरणाऱ्या कित्येकांच्या खात्यांत सन्मान निधि गेला, व मागाहून वसुलीच्या नोटिसा काढाव्या लागल्या.

१८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांकरितां झाला. तासगांव-वाळवें तेव्हां साताऱ्यांतच होतें. त्या कायद्यानें न्यायाधीशास खतावरील अक्षरांपाशीं न थांबतां मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. परक्या सरकारास जें सुचलें, तें स्वकीयांस कां सुचूं नये? आंध्र प्रदेशानें २०१९ सालीं, मालकीस धक्का न लावतां, अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्याची नोंद करण्याचा कायदा केला. आमच्या राज्यानें २०२३ पासून आपले आणखी ६००० रुपये घातले खरे, परंतु तेही त्याच जुन्या यादीवर! यादी बदलण्याचा प्रश्न सातारा-सांगलीच्या आमदारांनीं विधानसभेंत स्पष्ट शब्दांत विचारावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.