झॉम्बीलाही टॅरिफ चावला!

टॅरिफ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं पोलाद, मोबाइल, गाड्या. पण २०२५च्या टॅरिफयुद्धात झॉम्बीही सापडलेत. खरेखुरे नाहीत हो, बोर्डगेममधले! अंगठ्याच्या पेराएवढे, प्लास्टिकचे.

‘झॉम्बीसाइड’ हा त्यातला गाजलेला गेम. २०१२मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन तो बाजारात आला. तेव्हा जमले सुमारे ७ लाख ८१ हजार डॉलर. पहिल्या खोक्यात ७१ आकृत्या, त्यातले बहुतेक मुडदेच. खेळायला रंग लागत नाही, पण अनेकांची खरी मजा रंगवण्यातच असते. आणि नवशिक्यासाठी झॉम्बीपेक्षा सोपं काही नाही. आधी प्रायमर, मग हिरवट-राखाडी कातडी, त्यावर पातळ तपकिरी वॉश. हा वॉश कपड्यांच्या घड्यांत, बरगड्यांच्या खाचांत आपोआप साचतो आणि सावली तयार होते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. हात हलला, डाग पडला? पडू दे. मुडदाच तो, तक्रार कोण करणार!

तक्रार आली ती कस्टम्सकडून. हे बहुतेक गेम चीनमध्ये बनतात आणि मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. एप्रिल २०२५मध्ये चिनी मालावरचा अमेरिकी टॅरिफ १४५ टक्क्यांवर गेला. म्हणजे १० डॉलरच्या मालावर साडेचौदा डॉलर कर! मे महिन्यात तो ३० टक्क्यांवर आला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

गोची अशी, की किकस्टार्टरवर गेम आधी विकला जातो आणि नंतर बनतो. किंमत ठरलेली, पैसे घेतलेले आणि कर मात्र माल बंदरात आल्यावर. मधला फरक भरायचा कोणी? ‘झॉम्बीसाइड’ची कंपनी सीमॉन आधीच तोट्यात होती. तिने एप्रिलमध्येच नव्या गेमचं काम आणि नव्या मोहिमा थांबवल्या. जुन्या मोहिमांत पैसे भरलेले लोक वाट बघत राहिले. जुलैमध्ये ‘झॉम्बीसाइड’ अस्मोदी या बड्या कंपनीच्या ताब्यात गेला. स्टोनमायर गेम्ससारख्या काहींनी थेट अमेरिकी सरकारविरुद्ध कोर्टात धाव घेतली.

‘मग अमेरिकेतच बनवा की!’ असं म्हणणं सोपं आहे. पण प्लास्टिकच्या आकृतीसाठी आधी पोलादी साचा कोरावा लागतो. तो महाग, वेळखाऊ. त्याला सरावलेले कारागीर लागतात. काही हजार खोकी विकणारी छोटी कंपनी हे सगळं नव्याने कुठून उभं करणार?

उलट उदाहरण ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपचं. ‘वॉरहॅमर’चे सांगाडे, व्हॅम्पायर नॉटिंगहॅममधल्या तिच्या स्वतःच्या कारखान्यात बनतात. डिसेंबर २०२४मध्ये ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांत, म्हणजे एफटीएसई १०० निर्देशांकात पोचली. ब्रिटिश मालावर टॅरिफ लागला १० टक्के. तरी वर्षाच्या नफ्याला सुमारे १ कोटी २० लाख पौंडांचा फटका बसू शकतो, असा तिचाच अंदाज होता. फरक एवढाच, की हा धक्का पचवायची तिची ताकद आहे.

टॅरिफचा हेतू सांगितला गेला, कारखाने घरी आणणं. या छोट्याशा धंद्यात मात्र झालं वेगळंच. ज्याच्याकडे स्वतःचे साचे आणि गाठीला पैसा, तो तरला. ज्याच्याकडे फक्त भन्नाट कल्पना आणि चाहत्यांचा विश्वास, तो आधी अडकला. नवे गेम यायचे ते याच दुसऱ्या गटाकडून. त्यामुळे प्रश्न खोकं किती महागलं एवढाच नाही. पुढच्या वर्षी टेबलावर रंगवायला नवं काही येणार, की तेच जुने मुडदे नव्या मालकाच्या नावाने पुन्हा उठणार, हा आहे!