स्वस्तातली कट्यार

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, एक जुनी कट्यार घ्यायची म्हणतोय. कितीपर्यंत द्यावेत?" मी म्हटले, "किंमत मागाहून विचार. आधी पाते बघ." त्याला वाटले, सर नेहमीप्रमाणे वळसा घेताहेत. पण हा धडा मी पदरचे पैसे घालून शिकलोय.

१९८४ साली एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे दोन कट्यारी पाहिल्या. एक साडेचारशेची, दुसरी दीडशेची. महागडीचे पाते काळपट तपकिरी, पण टोकापर्यंत शाबूत. दुसरीवर तांबडा गंज, टोक मोडून पुन्हा घासलेले. मास्तरचा पगार! दीडशेची उचलली आणि घरी आणून पॉलिश पेपरने खसाखसा घासली. मुठीच्या दांडीवर काहीतरी पिवळे चमकले. पितळ असेल म्हणून आणखी घासले. ती कोफ्तगिरी होती. लोखंडावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची केसासारखी तार ठोकून बसवतात, तिची जाडी ती कितीशी? अर्ध्या तासात गेली. पोलादावरचा जौहर पुसट झाला तर जाणकार तो परत उठवू शकतो. कोफ्तगिरी गेली की गेली.

म्हणून मी म्हणतो, चकचकीत दिसली की आधी संशय घ्यावा. तो काळपट रंग पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, तो घासू नये. तांबडा, बोटाला लागणारा गंज मात्र वाईट. टोक नीट पाहावे. चिलखत भेदायचे म्हणून कित्येक कट्यारींचे टोक जाड ठेवलेले असते. ते बारीक निघाले आणि मधली शीर अचानक संपली, तर टोक मोडलेले समजा. मुठीला पाते रिव्हेटने जोडलेले दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका. दक्षिणेत फिरंगी तलवारींची पाती कट्यारींना बसवत, ती जोडणी जुनीच. वेल्डिंगचा ताजा फुगवटा मात्र लपत नाही. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या शस्त्रागारातल्या कट्यारी आहेत. विकत घेण्याआधी अशा चार कट्यारी डोळ्यांखालून घालाव्यात. माझे उलटे झाले, आधी घेतली आणि मग पाहिल्या.

"पण सर, चांगलीला पैसे पुरले नाहीत तर?" तर थांबावे. दोन वर्षांत दोन स्वस्त घेण्यापेक्षा चौथ्या वर्षी एक घ्यावी. साडेचारशेची ती मी महिनाभराने पाहायला गेलो, तोवर विकली गेली होती. असो.

माझी दीडशेवाली अजून कपाटात आहे. म्यानात नाही, कारण म्यान ओल धरते. शिलाई मशीनचे तेल लावून सुती कापडात ठेवतो. खंडेनवमीला पूजेत मांडतो, पण हळदकुंकू पाटावर वाहायला लावतो, पात्यावर नाही. सूनबाईंना हा विक्षिप्तपणा वाटतो.