दोन दिवस नदीकाठी, बिनकामाचे

'शनिवार-रविवार नांदेडला नदीकाठच्या हॉटेलात राहून येते,' असं लोह्यातल्या एखाद्या बाईनं घरात नुसतं म्हणून बघावं. पहिला प्रश्न येईल, 'कशाला?' दुसरा, 'कुणासंगं?' 'पैसे किती लागतील?' हा खरा रास्त प्रश्न, पण त्याचा नंबर तिसरा. दवाखाना, कोर्टाची तारीख, लेकीचं बाळंतपण, माळेगावच्या खंडोबाची जत्रा, गुरुद्वाऱ्याचं दर्शन, यांपैकी काही असलं तर बाईला घराबाहेर पडता येतं. विसावा हे मात्र कारण म्हणून कुणी धरत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींना वाटेल, मजुरी, हुंडा, मारहाण हे प्रश्न जळत असताना ही हॉटेलची हौस इथं कशाला? पण विसावा ही हौस नाही, ती जुनी मागणी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं झालेल्या लढ्यातून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या लढ्यातल्या एका प्रचंड सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. म्हणजे रविवार मागायला बायका पुढं होत्या. गिरणीला सुट्टी मिळाली, चुलीला मात्र अजून मिळालेली नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं भरली ८८. रविवारी तर पाव्हणे येतात आणि काम वाढतं.

त्यातून आपण मराठवाड्याच्या. आपलं पाण्याशी नातं हंड्याचं, धुण्याचं आणि टँकरमागं धावण्याचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस कोण विसरेल? लिंबोटीचं धरण आपल्याच तालुक्यात आहे. पण पाण्याच्या काठावर हात रिकामे ठेवून बसलेली बाई आपल्याला कधी दिसते का? पुरुष बसतात, गप्पा मारतात, विडी ओढतात. बाई बसली तर लोक विचारतात, 'काय झालं हो हिला?' पाण्याकडं नुसतं बघत बसण्याचे पैसे हॉटेलवाले घेतात. ज्यांनी जन्मभर तेच पाणी डोक्यावर वाहिलं, त्यांना तसं बसणं फुकटातही मिळत नाही.

इथं राज्यघटनेचं पंधरावं कलम काढून वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्याच कलमात पुढं विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. म्हणजे हॉटेल आणि घाट घटनेनं शेजारी शेजारी बसवले आहेत. हे शब्द फुकट आलेले नाहीत, १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यांच्या मागं उभा आहे. नांदेडात २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानं रस्ते-घाट सुधारले, तेही सरकारी पैशातून. त्यात आपलाही वाटा आहे.

तरी काय घडतं? बाई एकटी लॉजच्या काऊंटरवर उभी राहिली की विचारतात, 'सोबत कोण?' मग ऐकावं लागतं, 'एकट्या बाईला खोली देत नाही, पोलिसांचा त्रास होतो.' त्याच काऊंटरवर एकट्या पुरुषाला किल्ली मिळते. ओळखपत्र बघावं, रजिस्टरात नोंद करावी, एवढा नियम दोघांनाही सारखा आहे. सज्ञान बाईला एकटीला खोली देऊ नये, असा कुठलाही कायदा नाही. ही अडवणूक फक्त हौशी बायकांना बाधते असंही नाही. परीक्षेला आलेली मुलगी, पेशंटसोबतची आई, नवऱ्याच्या मारानं रात्री घर सोडलेली बाई, या सगळ्याजणींना त्याच काऊंटरवरून परत फिरावं लागतं. मग एस.टी. स्टँडच्या बाकावर रात्र काढायची. १७ मार्च २०२३ पासून बाईला एस.टी.चं तिकीट निम्मं झालं. दिवसाचा प्रवास स्वस्त झाला, रात्रीचा प्रश्न तसाच राहिला.

सरकारनं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महामंडळाच्या निवासांत ठरावीक दिवशी बायकांना निम्मी सवलत आहे. नाशिकला गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी महामंडळाचं मोठं रिसॉर्ट आहे. तिथली गोदावरी आणि नांदेडची गोदावरी एकच. पण सवलत तिलाच उपयोगी, जिला घरातून निघता येतं आणि काऊंटरवर कुणी अडवत नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपण ज्या पांढऱ्या चादरीवर झोपणार, ती धुणारी-अंथरणारी अनेकदा बाईच असते. आपला विसावा तिच्या कंबरड्यावर उभा राहायला नको. तिला मजुरी किती, सुट्टी कधी, हे विचारायला लाजू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी आणि तिचा फलक दर्शनी जागी हवा. आत शिरताना तो शोधा.

तेव्हा आपल्या बचत गटांनी एवढं करावं. वर्षातून एकदा पाचसहा जणींनी शनिवारी निघावं आणि रविवारी परतावं. देवदर्शन किंवा प्रशिक्षण असं काही निमित्त सांगू नये, विसाव्याला चाललो असं सरळ सांगावं. त्या दोन दिवसांचा स्वयंपाक आधी करून ठेवू नये. कुठं खोली नाकारली तर कारण लेखी मागावं, तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि तक्रार पोलिस ठाण्यात व जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यावी. एकटीनं दिलेली तक्रार बाजूला सारणं सोपं असतं, सहा जणींच्या सह्यांची तितकं सोपं नसतं. या तक्रारींच्या नकला आपल्याकडंही पाठवा. पुरेशा जमल्या की जिल्ह्यातल्या प्रत्येक लॉजवर 'एकट्या महिलेस खोली मिळेल' असा फलक लागावा ही मागणी आपण एकत्र करू.